मदत हवी आहे: व्हीपीएक्स (एक विषाणू-प्रथिन) नसताना एचआयव्ही-१ मायक्रोग्लियात (मेंदूतल्या रक्षक पेशींत) वाढतो कसा?

नमस्कार. दोन दिवस एकाच जागी अडकले आहे, जाणकारांनी कृपया मदत करावी.

मला जे समजलंय ते आधी मांडते, चुकत असेल तर सांगा. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू मेंदूत पोचतो. रक्त-मेंदू अडथळा ओलांडताना तो बाधित मोनोसाइट आणि टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या पोटात लपून जातो. चेतापेशींवर सीडी४ (विषाणू ज्याला चिकटून आत शिरतो ते प्रथिन) नसतं, म्हणून त्यांना लागण होत नाही. बाधित पेशींनी सोडलेल्या विषानं मरतात ती गोष्ट वेगळी. सापडतात त्या मायक्रोग्लिया आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी). यांच्यावरही सीडी४ तुरळकच, पण मेंदूत रुळलेल्या विषाणूचं जीपी१२० हे पृष्ठभागावरचं प्रथिन तेवढ्यावर भागवतं. जोडीला पेशीवरचा सीसीआर५ हा दुसरा ग्राही लागतो. इथवर ठीक.

काल बाधित मेंदूच्या छेदाची स्लाइड पाहिली. रक्तवाहिनीला बिलगून एक अवाढव्य पेशी, आत कडेकडेने कितीतरी केंद्रकं. बाधित पेशी एकमेकींत मिसळून ती बनते. अंगावर काटाच आला. म्हणजे विषाणू तिथे जोरात वाढत असणार.

आणि नेमकं इथेच अडतं. या पेशींतलं सॅमएचडी१ हे प्रथिन डीएनए बांधायला लागणारे डीएनटीपी फोडून टाकतं. एचआयव्ही-२ आणि माकडांतले काही एसआयव्ही व्हीपीएक्सच्या जोरावर त्याचा काटा काढतात. एचआयव्ही-१ कडे व्हीपीएक्स नाहीच! मग आरएनएचा डीएनए करायला माल आणतो कुठून? टी-पेशींचं कळलंय, त्या विभाजन करतात, म्हणून त्यांच्यात डीएनटीपी भरपूर असतात. मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज तर क्वचितच करतात.

प्रतिसाद:
तुम्ही मांडलेलं बरोबर आहे. एक तर एचआयव्ही-१ चं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) तुटपुंज्या डीएनटीपीवरही रेटतं; काम सावकाश होतं, पण होतं. खरी मेख मात्र पेशीचक्रात आहे. मॅक्रोफेज कायम निद्रिस्त नसतात. त्यातल्या काही विभाजन न करताच जी१ (विभाजनाच्या तयारीचा टप्पा) सारख्या अवस्थेत जाऊन परत येतात. तेवढ्या वेळात सॅमएचडी१ मधल्या ५९२ व्या स्थानावरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो आणि त्याचा विषाणूला रोखायचा जोर ओसरतो. विषाणू तेवढ्यात आपलं काम उरकतो. तुम्ही सगळ्या पेशी एकाच अवस्थेत धरल्या, म्हणून गाडी अडली.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार! पेशीचक्राकडे मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे सूज आल्यावर मायक्रोग्लिया चेतल्या, की अशा पेशी वाढत असतील का? यावर कुणी सांगितलं तर फार बरं होईल.