रविवारचा लसीकरण कॅम्प (सोसायटी ग्रुप)

ए-४०२ रियाची आई: सेक्रेटरी साहेब, रविवारी क्लबहाऊसमध्ये गोवर-रुबेलाचा कॅम्प ठरला म्हणे. आम्हाला विचारलं कुणी? खालचा मेसेज वाचा, मग बोला.

ए-४०२ रियाची आई: (फॉरवर्ड) या लसीमुळे पुढे मूल होत नाही. फॉर्मवर सही करू नका. सर्व पालकांना पाठवा.

सी-३०४: माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी कुणाची आहे? कृपया काढावी.

सेक्रेटरी: ताई, नोटीस सोमवारपासून लिफ्टजवळ आहे. कॅम्प पालिकेचा आहे, आपण फक्त जागा देतोय. सक्ती कुणावरच नाही.

ए-४०२ रियाची आई: लिफ्ट सोमवारपासून बंद आहे, नोटीस कोण वाचणार?

बी-१०१ सर: हा मेसेज सव्वाशे वर्षं जुना आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. तेव्हा लोकांत बोलवा होती की इस्पितळात नेऊन माणसाची मोमियाई काढतात. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव थेट आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

बी-५०३: मोमियाई म्हणजे फेस क्रीम का सर?

बी-१०१ सर: माणसाच्या अंगातून काढलेलं तेल. औषधी म्हणायचे.

ए-४०२ रियाची आई: म्हणजे आम्ही अडाणी. स्पष्टच बोला ना.

बी-१०१ सर: गैरसमज नको ताई. त्या लोकांच्या भीतीला कारण होतं. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या वेळी गोरे शिपाई रोगी शोधत देवघरापर्यंत शिरत होते. अशा सरकारवर कोण विश्वास ठेवेल? प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, तरी संशय गेला नाही.

सी-१२०२: सर, अर्धाच इतिहास सांगताय. मलकोवाल सांगा. १९०२, पंजाब. हाफकिनच्याच लसीच्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले.

सी-३०४: पांढरी गाडी. कृपया.

बी-१०१ सर: खरं आहे. पण बाटली उघडणाऱ्याच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. दोष लसीचा नव्हता. तरी हाफकिनची नोकरी गेली, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

ए-४०२ रियाची आई: बघा! बाटली उघडतानाच घोळ होतो. मी तेच सांगतेय.

ए-४०२ रियाची आई: (फॉरवर्ड) या लसीमुळे पुढे मूल होत नाही. फॉर्मवर सही करू नका...

डी-२०१ सिस्टर: ताई, मेसेज वेगळंच सांगतोय, आणि ते खोटं आहे. बाटलीबद्दलची शंका मात्र रास्त. झाकणावर एक गोल आणि आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तरच ती लस वापरायची. पावडर कालवल्यावर बाटलीवर वेळ लिहितात, चार तासांनी उरलेली फेकून द्यायची. सिरिंज एकदा वापरली की लॉक होते. फोडण्याआधी दाखवा म्हणा, दाखवतील. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं.

बी-५०३: अर्ध्या तासाचा चहा सोसायटीकडून ना?

खजिनदार: मेंटेनन्स भरलेल्यांना.

बी-५०३: हे मला उद्देशून होतं का?

खजिनदार: 🙏

ए-७०१ आजी: माझ्या नणंदेला दिवस गेलेले असताना अंगावर पुरळ आलं. डॉक्टर म्हणाले रुबेला. मुलगा जन्मापासून बहिरा. तेव्हा आमच्याकडे लस कुठली.

ए-४०२ रियाची आई: आजी, माहीत नव्हतं. सिस्टर, रविवारी तुम्ही खाली असाल का?

डी-२०१ सिस्टर: ड्यूटी दोनला आहे. सकाळी येते.

ए-४०२ रियाची आई: मग झाकण मी डोळ्यांनी बघणार, फोटो इथे टाकणार आणि त्यानंतरच सही. आणि क्लबहाऊसचा एसी? मुलांना त्या उकाड्यात अर्धा तास बसवायचं?

सेक्रेटरी: एसीचा विषय एजीएमला घेऊ.

बी-५०३: कुठल्या सालच्या?