मदत हवी आहे: फ्लू निघाला, मग थुंकीचं कल्चर कशाला? (इंदूर)

रामबागकर: बाबांच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा ए आला. आता डॉक्टर प्रोकॅल्सिटोनिन नावाची रक्ततपासणी आणि थुंकीचं कल्चर करा म्हणतायत. व्हायरस सापडलाय ना, मग अजून काय शोधायचं? लवकर सांगा, लॅबवाला खोळंबलाय.

पोहेजिलबी: वय? ताप किती दिवस? ऑक्सिजन?

रामबागकर: ७१. चौथ्या दिवशी ताप उतरला. दोन दिवस छान होते, सराफ्याच्या खाऊगल्लीतून गराडू आण म्हणाले. काल हुडहुडी भरून १०२. कफ विटकरी. ऑक्सिजन ९३.

मस्तमालवी: भिया, ॲझिथ्रो अँटिबायोटिक तीन दिवस. माझं दरवर्षी तेवढ्यात जातं.

स्लाइडवाली: तुमचं आपोआप जातं, नाव गोळीचं होतं. फ्लूच्या विषाणूवर ॲझिथ्रो चालत नाही. उतरलेला ताप उलटला की न्यूमोकोकस किंवा स्टॅफ या जिवाणूंच्या न्यूमोनियाची शंका घ्यायचीच. फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोललेलं असतं, तिथे ते शिरतात. १९१८ च्या साथीतही बहुतेक बळी अशाच न्यूमोनियाचे. रामबागकर, चूळ भरून, खोल खोकून कफ द्या. स्लाइडवर गालाच्या पेशींचा खच दिसला तर ती लाळ, आम्ही परत पाठवतो.

लोकमान्यनगर: गराडू म्हणजे तळलेला कंद, खोकल्यात बंद!

आकडेमोड: कल्चरमध्ये जंतू वाढवून बघायला दोन-तीन दिवस जातात. जिवाणू असले की प्रोकॅल्सिटोनिन चढतं; ०.२५ च्या खाली आलं की अँटिबायोटिक नको, विषय संपला.

स्लाइडवाली: संपत नाही. आकडा कमी असूनही जंतू असू शकतात. आणि किडनी अधू असेल तर तो मुळातच चढा येतो.

रामबागकर: किडनी अधूच आहे, क्रिएटिनिन २.१ असतं त्यांचं. जुनंच आहे, म्हणून लिहिलं नाही. एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरं दिसतंय.

पोहेजिलबी: अहो, हे आधी सांगायचं!

काकू_सुदामानगर: फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते बरं का.

स्लाइडवाली: धागा सोडा, बाबांना ॲडमिट करा. कफ आणि रक्त कल्चरला द्या, पण रिपोर्टची वाट बघत अँटिबायोटिक अडवू नका. डोस किडनी बघून ठरेल, क्रिएटिनिन आठवणीने सांगा. फ्लूची गोळीही चालू आहे का विचारा.

मस्तमालवी: म्हणजे शेवटी अँटिबायोटिकच ना? मी काय वेगळं म्हणालो?

स्लाइडवाली: कोणतं, किती, आणि सँपल आधी की गोळी आधी, एवढंच वेगळं.

रामबागकर: ॲडमिट केलं. पहिली बाटली परत आली, नुसती लाळ. दुसरी घेतली. आता सलाइनमधून दोन अँटिबायोटिक लावलीत. गराडूचं विचारतायत.