जुन्या पॉवर प्रेसला लाइट कर्टन लावावा की दोन हातांची बटणं?

प्रेसशॉप_भोसरी
पत्रा कापायच्या-वाकवायच्या ३० टनी सी-फ्रेमच्या (समोरून उघड्या सांगाड्याच्या) दोन प्रेस आहेत. रोलिंग की क्लच (सतत फिरणाऱ्या जड फ्लायव्हीलला रॅम हलवणाऱ्या क्रँकशी जोडणारी खीळ), पायाचं पेडल, मिनिटाला ६० स्ट्रोक. १.६ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे ब्रॅकेट निघतात. ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) हाताने डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा, पेडल मारायचं, पीस हातानेच काढायचा. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये 'सेफ्टी सेन्सर लावा' असा शेरा पडलाय. एक विक्रेता लाइट कर्टन (किरणांचा पडदा, हात मध्ये आला की मशीनला थांबायचा इशारा) देतो म्हणतो, दुसरा सोलेनॉइड आणि दोन हातांची बटणं (दोन्ही हातांनी दाबली तरच विजेचा चुंबक पेडलऐवजी क्लच ओढतो). काय घ्यावं? शिवाय एक प्रेस कधीमधी एका पेडलला दोन स्ट्रोक मारते. त्याचं काय करायचं?

टूलरूमवाला
शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरा धोका तोच आहे. ती प्रेस आज बंद ठेवा. पीस काढायला हात आत गेलेला असतानाच दुसरा स्ट्रोक येतो.

बघायच्या जागा अशा: कीची परतीची स्प्रिंग थकली किंवा तुटली आहे का, कीला मागे ओढणाऱ्या लॅचची धार गोल झाली आहे का, पेडलची स्प्रिंग पेडल पूर्ण वर आणते का. ऑपरेटरचा पाय पेडलवर राहिला तरी एकच स्ट्रोक मारणारी सिंगल स्ट्रोक यंत्रणा बऱ्याच जुन्या प्रेसवर कुणीतरी काढून टाकलेली असते. तुमच्याकडे आहे का बघा.

मग ब्रेक. क्रँकच्या टोकाला आणि बॉडीवर खडूने खूण करा, वीसेक स्ट्रोक मारा. क्रँक दर वेळी वरच्या बिंदूवर त्याच जागी थांबायला हवी. पुढे सरकत असेल तर लायनर (ब्रेकची घर्षणपट्टी) झिजलाय किंवा त्यावर तेल आलंय. तेल पडलेला लायनर पुसून चालत नाही, बदला. नुसता नट आवळून वेळ मारून नेली, तर दोन आठवड्यांनी पुन्हा तेच.

गार्ड_आणि_गेज
आता कर्टनचं. रोलिंग की एकदा गुंतली की रॅम (वर-खाली होणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये थांबवायची सोयच नाही. कर्टनने हात ओळखला तरी तो थांबवणार काय? मोटरचा करंट तोडला तरी फ्लायव्हीलमधली ताकद स्ट्रोक पुरा करते. तुमच्या प्रेसवर कर्टन म्हणजे पैसे घालून विकत घेतलेला खोटा विश्वास. न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच-ब्रेकची (हवेच्या दाबावर चालणारी, स्ट्रोक मध्येच थांबवता येणारी) प्रेस असेल तर गोष्ट वेगळी. तिचा थांबायचा वेळ ०.२ सेकंद धरा, हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी, म्हणजे १४ मिमीपर्यंत रिझोल्यूशनचा (म्हणजे तेवढी बारीक वस्तूही ओळखणारा) कर्टन डायपासून निदान ४०० मिमीवर. वेळ मीटरने मोजायचा, कॅटलॉगमधला नाही.

दोन बटणांचाही हिशोब करू. कीला गुंतायची जागा एकच असेल, तर बटण दाबल्यावर वाईटात वाईट एक पूर्ण फेरी वाट, मग खाली यायला अर्धी फेरी. ६० स्ट्रोकला १.५ सेकंद. हाताचा वेग इथे सेकंदाला १.६ मीटर धरला तरी बटणं डायपासून २.४ मीटर लांब हवीत. तेवढ्यावरून ब्लँक कोण ठेवणार? जवळ लावली, तर बटण सोडून हात आत न्यायला भरपूर वेळ उरतो.

म्हणून उपाय एकच: हात डायमध्ये जायलाच नको.

प्रेसशॉप_भोसरी
गार्ड होता हो. पोरं काढून ठेवतात, ब्लँक नीट बसत नाही म्हणतात.

गार्ड_आणि_गेज
मग चूक गार्डच्या डिझाइनची. ब्लँक सरकवायला पट्टीचा मार्ग करा: बाहेर ठेवायचा, पुशरने ढकलायचा, आत स्टॉपर. १.६ मिमी पत्र्याला ४ मिमी उंचीची फट पुरते, त्यातून बोट जात नाही. मोठ्या माणसाच्या बोटाचा हिशोब असा: ६ मिमीपर्यंतच्या फटीला धोक्याची जागा निदान १० मिमी आत हवी, १२ ते २० मिमीच्या फटीला १२० मिमी. पीस बाहेर पडायला मागे उतरती चूट (घसरपट्टी) किंवा हवेचा फुंकर. समोर पारदर्शक पॉलिकार्बोनेट, नाहीतर दिसत नाही म्हणून पुन्हा निघेल. बोल्ट पान्यानेच सुटणारे, विंग नट अजिबात नको.

चिमटा किंवा मॅग्नेट फक्त अडकलेल्या पीससाठी. अॅल्युमिनियमचा घ्या, म्हणजे सापडला तरी डाय फुटत नाही. चिमटा आहे म्हणून गार्ड काढायचा नाही.

डायसेटर
अर्ध्या गोष्टी सेटिंगच्या वेळी बिघडतात. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली सेटरच्या खिशात. फ्लायव्हील डोळ्यांनी थांबलेलं दिसेपर्यंत हात घालू नका, ते बराच वेळ फिरत राहतं. मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. क्रँक फिरवायची तर ब्लॉक काढून बारने, मोटरचा झटका देऊन नव्हे. मोटर सुरू करण्याआधी बार नि ब्लॉक बाहेर आलेत हे मोजून बघा. पेडलवर तिन्ही बाजूंनी नि वरून झाकण हवं, वरून ब्लँक पडला तरी स्ट्रोक लागतो.

आणि एक, फर्स्ट एड पेटीपाशी लिहून लावा: तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात.