वरच्या दाढेची मुळं आत राहिलीत, दुखत नाहीत, तरी ऑपरेशन करून काढायची का?

प्रश्न: वरची मागची दाढ किडून तुकडे पडत पडत गेली, आता हिरडीत नुसती मुळं उरलीत. दुखत नाही, पण मधूनमधून हिरडीवर पुटकुळी येते, फुटते आणि बसते. डेंटिस्ट म्हणतात हिरडी उघडून थोडं हाड कोरून काढावी लागतील, आणि मुळं सायनसला (गालाच्या हाडातली, नाकाला जोडलेली हवेची पोकळी) अगदी लागून आहेत. ते ऐकल्यापासून धडकी भरलीय. तशीच ठेवली तर चालतील का?

उत्तर १: मी डेंटिस्ट आहे. पुटकुळी येते म्हणजे आत इन्फेक्शन आहेच, पू ला बाहेर पडायला वाट मिळतेय म्हणून ठणका नाही इतकंच. गोळ्यांनी तात्पुरतं दबेल, मुळं असेपर्यंत परत येणार. वरच्या दाढेला बहुतेक वेळा तीन मुळं असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे, ती फाकलेली असतात म्हणून सुटी करून एकेक काढावी लागतात. हाड कोरणं ऐकायला भयंकर वाटतं पण न दिसणारं मूळ अंदाजाने उचकटताना वर सायनसमध्ये सरकू शकतं, त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढायचा का ते मात्र नक्की विचारा, साध्या एक्स-रेत मुळं सायनसच्या आत गेल्यासारखी दिसतात आणि प्रत्यक्षात तशी नसतातही.

उत्तर २: माझं असंच झालंय. भूल नीट चढली की दुखत नाही, दाब आणि ड्रिलचा आवाज जाणवतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते तेव्हा घाबरू नका, मग उतरते.

प्रश्नकर्ता: आणि सायनसला भोक पडलंच तर?

उत्तर १: एक-दोन मिलीमीटरचं असेल तर रक्ताची गाठ नीट बसली की बहुतेकदा आपोआप भरतं, मोठं असेल तर हिरडी ओढून टाके घालून बंद करतात. नंतर साधारण दोन आठवडे नाक अजिबात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, दाबायची नाही, स्ट्रॉ आणि सिगरेट बंद. पहिले २४ तास जोरात चूळ भरू नका. पाणी पिताना नाकातून आलं तर लगेच दाखवायचं, वाट बघू नका.

उत्तर ३: रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनच्या गोळ्या, इंजेक्शनं चालू असतील तर आधीच सांगा, शुगर असेल तर तेही, आणि कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्नकर्ता: शुगर आहे आणि हे मी तिथे बोललेच नव्हते, उद्याच फोन करून सांगते, स्कॅनचंही विचारते.