मदत हवी आहे: दौलताबादजवळच्या आमच्या द्राक्षबागेचा इतिहास लिहायचा आहे

नमस्कार मंडळी. दौलताबादच्या पायथ्याला आमची बाग आहे. पणजोबांनी निजामाच्या काळात पहिले वेल लावले, आजोबांनी अनाबेशाही ही जात आणली, बाबांनी थॉमसन. राज्य सरकारच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर थोरल्या दादांनी वाईनसाठी शिराझ जात लावली. या भागात द्राक्षं जुनीच. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने इथल्या द्राक्ष-डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं असं लिहून ठेवलंय. एप्रिलची खरड छाटणी (घड उतरवल्यानंतरची) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) आजही आमच्या घरात सणासारखी ठरते.

आजी आता थकली आहे. तिच्या आठवणी मी रेकॉर्ड करतेय, पण कागदाचा आधार हवा.

1948 पूर्वीचे जमिनीचे उर्दू कागद आहेत, काही मोडीतलेही. संभाजीनगर परिसरात ते नीट वाचून देणारं कुणी माहीत आहे का? योग्य मोबदला देऊ. 1954-55 चं खासरा पत्रक (जमीन आणि पिकांची सरकारी नोंद) तहसीलमधून मिळवलंय, पण त्यातल्या पिकाच्या रकान्यातली अक्षरं पुसट झालीत.

दुसरं म्हणजे, विहिरीजवळ एक जुना काळ्या द्राक्षांचा वेल अजून तग धरून आहे. जाडसर साल, आत बिया, रंग गडद. बंगलोर पर्पल ही जात असेल का? पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून कुणी जात ओळखून घेतली असेल, तर पानं पाठवायची की घड, ते सांगा.

आणि दौलताबाद-खुलताबाद भागातल्या जुन्या बागांचे फोटो कुणाच्या घरी असतील तर कृपया कळवा. आजीला दाखवायचेत.