खाणीनंतरची खारी जमीन: मीठ धुवायचं की खोल गाडायचं?

खडकपाणी

खाण बंद झाल्यावर जमीन पुन्हा हिरवी करायची म्हटलं की चर्चा झाडांवरून सुरू होते. कोणती लावायची, किती लावायची, किती जगली. माझं स्पष्ट मत आहे की खाणीतून काढलेल्या ज्या ढिगाऱ्यात मीठ आहे तिथे झाडांचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. आधी मीठ कुठे ठेवायचं ते ठरवा, आणि तेही खाण चालू असतानाच.

खोलवरचा शेल (चिखल दाबून झालेला थरांचा खडक) किंवा चिकणदगड जागेवर असतो तोवर त्यातलं सोडियम आणि सल्फेट बहुतांशी तिथेच राहतं. तो फोडून वर आणला की हवा आणि पाणी आत शिरतं. पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. सोबत चुनखडी असली तर ती आम्ल मारते खरं, पण त्या क्रियेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सल्फेट सुटतात. म्हणजे सामू (pH) ७ च्या आसपास, सगळं ठीक दिसतंय, आणि विद्युत वाहकता (विरघळलेल्या मिठाचं माप) मात्र चढलेली.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे जिप्सम टाका, पाणी द्या, मीठ खाली जाऊ द्या. पण खाली म्हणजे कुठे? ॲपलेशियन डोंगरांत कोळशासाठी दऱ्या भरल्या, त्या भरावांतून झिरपणाऱ्या पाण्याने ओढ्यांची वाहकता वाढली आणि मेफ्लायसारखे कीटक नाहीसे होऊ लागले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये मध्य ॲपलेशियातल्या ओढ्यांसाठी ३०० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर ही संदर्भपातळी सुचवली ती अशाच ओढ्यांच्या अभ्यासातून. ते पाणी माणसाला खारट लागणारही नाही, पण ओढ्यातल्या जिवांना ते सोसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा: खोदण्याआधी गाभ्याचे नमुने (छिद्र पाडून काढलेले खडकाचे दांडे) तपासा, खारे थर नकाशावर आणा, ते वेगळे उचला आणि खोल गाडा, पण भविष्यातल्या भूजलपातळीच्या वर. त्यावर चांगली उपमाती, मग वरची माती. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने वरची माती आधी वेगळी काढून ठेवणं सक्तीचं केलं. तीच शिस्त खाऱ्या थरांना लावायला काय हरकत आहे? धुणं हा शेवटचा उपाय असावा, पहिला नाही.

---

निचराआधी

सहमत नाही. नवीन खाणीसाठी हे बरोबर असेल, पण जगातले बहुतेक डंप आधीच घातलेले आहेत आणि खारा थर कुठे गेला याची नोंद कुणी ठेवलेली नाही. तिथे "आधी वेगळं करायला हवं होतं" हे वाक्य काहीच कामाचं नाही.

धुण्यालाही शास्त्र आहे. मध्यम पोताच्या मातीत ३० सेमी पाणी मुरवलं तर वरच्या ३० सेमी थरातलं साधारण ८० टक्के विद्राव्य मीठ खाली जातं, हा जुना ठोकताळा आहे. अट एकच, निचरा हवा. चर न काढता पाणी दिलं तर मीठ दोन हात खाली जातं आणि उन्हाळ्यात परत वर येऊन पांढरं फुटतं.

खारी माती आणि चोपण (सोडियम जास्त असलेली) माती यांची सरमिसळ करून चालत नाही. विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) १५ टक्क्यांच्या वर असताना आधी नुसतं गोडं पाणी दिलंत तर मीठ जातं, सोडियम राहतं, चिकणमातीचे कण सुटे होतात आणि जमीन बंद पडते. क्वीन्सलँडच्या बोवेन खोऱ्यातल्या चोपण ढिगाऱ्यांवर पाणी आतल्या आत बोगदे पाडत जातं ते याच कारणाने. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, म्हणून जिप्सम आधी, पाणी मागाहून. ३० सेमी थरातलं दर १०० ग्रॅममागे १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला हेक्टरी सुमारे ४ टन शुद्ध जिप्सम लागतो. हिशेब करून टाका, अंदाजाने पोती ओतू नका.

बाहेर पडणाऱ्या पाण्याची काळजी मलाही आहे, पण त्यावर व्यवस्था उभी राहू शकते. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर नदीवर १९९५ पासून खाणी आणि वीजकेंद्रांचं खारं पाणी सोडण्याच्या हक्कांची देवघेव चालते. नदी कमी असताना सोडायला बंदी, प्रवाह वाढला की हक्काच्या प्रमाणात परवानगी, आणि सिंगलटनला ९०० मायक्रोसायमनची मर्यादा.

---

सातचा_सामू

मध्येच विचारतो. पुस्तकांत ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर खारी जमीन म्हणतात. आमच्या एका भरावावर वाहकता १.१ आली आणि तरी रोपं करपली. मग दोष मिठाचा नाही का?

---

निचराआधी

@सातचा_सामू, अर्क (मोजणीसाठी मातीतून काढलेलं पाणी) कोणता होता? १ भाग माती आणि ५ भाग पाणी अशी मोजणी असेल तर तो आकडा ४ शी ताडून बघता येत नाही. ४ ची मर्यादा संपृक्त लगद्याच्या (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीच्या) अर्कासाठी आहे. पोतानुसार तुमच्या आकड्याला साधारण ६ ते १४ ने गुणावं लागतं, वाळूला जास्त, भारी मातीला कमी. म्हणजे तुमची माती ६ च्या पुढे असू शकते. फक्त त्यात जिप्सम भरपूर नाही ना ते बघा. १:५ मध्ये तोही विरघळून आकडा फुगवतो, आणि त्याचा रोपांना तेवढा त्रास नसतो.

---

झाडोरा

तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की ती जमीन पूर्वीसारखीच झाली पाहिजे. का? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या पट्ट्यात भूजल समुद्रापेक्षा कितीतरी खारं आहे, आणि तेच सोनं काढण्याच्या प्रक्रियेत वापरल्याने उरलेला गाळही तसाच. तिथे ॲट्रिप्लेक्ससारखी मीठ सोसणारी झुडपं लावतात आणि ती उभी राहतात. जमिनीचा पुढचा वापर मिठाकडे बघून ठरवा. घेवडा १ डेसीसायमनलाच मान टाकायला लागतो, बार्ली ८ पर्यंत तग धरते. शिवाय झुडपं मीठ शोषून घेतात, हा वेगळा फायदा.

---

खडकपाणी

@झाडोरा, जमिनीचा वापर मिठाप्रमाणे ठरवावा हे पटतं. शोषून घेण्याचं मात्र अजिबात नाही, आणि हा समज फार पसरलाय म्हणून हिशेब मांडतो. समजा संपृक्त अर्काची वाहकता १० आहे. वरच्या ३० सेमीत हेक्टरी ११-१२ टन मीठ झालं. झुडपांचा २ टन सुका पाला निघाला आणि त्यात पाव हिस्सा क्षार धरले, तरी अर्धा टन. तोही पाला कापून बाहेर नेला तरच. नाही नेला तर गळलेली पानं तेच मीठ पृष्ठभागावर आणून टाकतात, नेमकं जिथे बी रुजायचं असतं तिथे.

@निचराआधी, हंटरचं उदाहरण मोठ्या, मोजमाप होणाऱ्या नदीचं आहे. डोंगरातल्या ओढ्याला कुठला आलाय एवढा प्रवाह?

---

निचराआधी

ओढ्याचं मान्य. पण गाडलेलं मीठ गाडलेलंच राहतं का? अल्बर्टाच्या तेलवाळू पट्ट्यात साउथ बायसन हिलवर सोडियमयुक्त शेलच्या ढिगाऱ्यावर १९९९ मध्ये ३५, ५० आणि १०० सेमी जाडीची आच्छादनं घालून वर्षानुवर्षं मोजणी केली. शेलमधलं मीठ विसरणाने (जास्त मिठाकडून कमी मिठाकडे हळूहळू सरकत) वरच्या आच्छादनात शिरलं. आणि त्याच वेळी बर्फ वितळल्यावर आच्छादन आणि शेल यांच्या सांध्यावरून उताराने वाहणाऱ्या पाण्याने ते धुऊनही नेलं. म्हणजे तुमची "गाडण्याची" पद्धतसुद्धा उताराच्या पायथ्याशी मीठ सोडतेच. फरक इतकाच की तुम्ही तिथे चर काढत नाही.

---

खडकपाणी

चर काढू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फरक वेगाचा आहे. विसरणाने वर्षाला थोडं थोडं येणारं मीठ आणि मुद्दाम पाणी भरून एका हंगामात बाहेर काढलेलं मीठ, दोन्ही ओढ्याला सारखी नाहीत. १०० सेमी आच्छादनात मुळांना वरचा गोडा भाग तरी उरतो. ३५ मध्ये तो उरत नाही. माती कमी पडते म्हणून आच्छादन पातळ करणं, ही काटकसर मला सगळ्यात महाग वाटते.

---

झाडोरा

मध्ये जाड खडीचा थर घातला तर? केशाकर्षण (बारीक छिद्रांतून पाणी वर चढणं) तुटतं.

---

खडकपाणी

सपाट जागेवर चांगला उपाय. उतारावर खडीखालून सांध्याचं पाणी जाईल हे धरून पायथ्याला गोळाचर (झिरपलेलं पाणी गोळा करणारा चर) हवाच. आणि खडीत बारीक माती उतरू नये म्हणून वर गाळणीचा थर, नाहीतर काही वर्षांत ती खडी राहत नाही.

---

निचराआधी

गोळाचरावर एकमत झालं हे बरं. त्या चराचं पाणी अस्तर घातलेल्या तळ्यात घ्या आणि दर पावसाळ्याच्या सुरुवातीला वाहकता मोजा, कारण पहिल्या पाण्यातच मीठ सगळ्यात जास्त उतरतं. जुन्या डंपांबद्दल माझं मत मात्र तेच आहे. तिथे वरचा एक हात जिप्सम आणि पाण्याने सुधारल्याशिवाय तुमचं एक मीटर आच्छादन आणायला माती मिळणार नाही.