केरी म्हणजे फक्त व्याकरण नव्हे

विल्यम केरीचा उल्लेख बहुतेकदा 'मराठीचं छापील व्याकरण करणारा साहेब' एवढाच येतो, म्हणून थोडी भर घालतो. १८०५चं व्याकरण आणि १८१०चा मोडी टाइपातला कोश ही कामं मोठीच. त्यात पंडित वैजनाथ शर्मांचा हात होता, हेही विसरू नये. पण केरी मुळात बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाळक, म्हणजे धर्मगुरू होता. इंग्लंडात जोडे शिवत, मुलांना शिकवत त्याने चर्चची मंडळी सांभाळली. १७९३ साली तो बंगालात आला आणि परत कधीच गेला नाही. पुढच्याच वर्षी त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला, बायकोचं मन कायमचं ढासळलं. मला तर तिची फार कणव येते. बिचारीला यायचंच नव्हतं.

१८१२च्या मार्चात बंगालातल्या श्रीरामपूरचा (सेरामपूर) त्याच्या मिशनचा छापखाना जळाला. कित्येक वर्षांची हस्तलिखितं राख झाली, तरी गडी पुन्हा पहिल्या पानापासून बसला. सतीबंदीचा कायदा भाषांतराला आला तो रविवारी. उपासना दुसऱ्याकडे सोपवून त्याने दिवस मावळायच्या आत बंगाली मसुदा पुरा केला, कारण उशीर झाला तर एखादी बाई जळेल!

९ जून १८३४ला श्रीरामपुरातच तो वारला. भेटायला आलेल्या तरुण मिशनऱ्याला त्याने बजावलं होतं, की माझ्यामागे माझ्याबद्दल नको, माझ्या तारणाऱ्याबद्दल बोला. दुसऱ्या पत्नीशेजारी पुरा, असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. थडग्यावर नाव, जन्म-मृत्यूची नोंद आणि भजनाच्या दोन ओळी: मी दीन, असहाय किडा, तुझ्या दयाळू बाहूंत पडतो.